सपाट कागद, गोल डोकं

कागद एका वेळी एकाच दिशेने वाकतो. त्याची नळी होते, शंकू होतो, चेंडू मात्र होत नाही. संत्र्याचं साल टेबलावर सपाट दाबलं की फाटतं आणि सपाट कागद डोक्यावर चोपून बसवायला गेलं की चुण्या पडतात, कारण दोन्हीकडे अडचण एकच आहे. गाउस या जर्मन गणितज्ञाने १८२७ साली ती सिद्ध करून ठेवली. नेरूळ-घणसोलीच्या एखाद्या फ्लॅटमध्ये आयर्न मॅनचं शिरस्त्राण पुठ्ठ्यातून उभं करू पाहणाऱ्या कॉलेजच्या पोराने गाउसचं नाव ऐकलेलं असेल-नसेल, पण त्याची पहिली झटापट याच गोष्टीशी होते.

तोडगा जुनाच आहे. गोलाई विसरायची आणि तिच्या जागी पुष्कळ छोटे सपाट तुकडे जोडायचे. अल्ब्रेख्त ड्यूरर या चित्रकाराने १५२५ साली छापलेल्या भूमितीच्या पुस्तकात घनाकृती उलगडून कागदावर मांडल्या होत्या. कापा, दुमडा, जोडा की ठोकळा तयार. आज हेच काम संगणक करतो. जपानच्या तामा सॉफ्टवेअरच्या ‘पेपाकुरा डिझायनर’मध्ये त्रिमिती आकृती टाकली की ती त्रिकोण-चौकोनांत उलगडून ए-फोर कागदांवर मांडून मिळते. बाहेर दुमडायची रेघ वेगळी, आत दुमडायची वेगळी. प्रत्येक कडेला क्रमांक असतो आणि सारख्या क्रमांकाच्या कडा एकमेकींना चिकटवायच्या असतात. गंमत म्हणजे प्रत्येक बहिर्गोल ठोकळा कडांवर कापून, तुकडे एकमेकांवर न चढता, एकसंध उलगडता येतोच का, हा प्रश्न जेफ्री शेफर्डने १९७५ साली नेमका मांडला आणि तो अजून सुटलेला नाही. छंदिष्टांचं त्यावाचून अडत नाही. तुकडे एकमेकांवर चढले तर ते आणखी एक काप देतात आणि पुढे जातात.

कामाची खरी मजा मात्र हातात कटर आल्यावर सुरू होते. कागद साधा चालत नाही, १८० ते २०० जीएसएमची कार्डशीट लागते. दुमडायच्या रेघेवर आधी शाई संपलेलं बॉलपेन स्टीलच्या पट्टीला टेकवून दाबून ओढायचं. त्याने कागद कापला न जाता घडी सरळ पडते. फेविकॉल बोटाने अगदी पातळ लावायचा, जास्त झाला की त्यातल्या पाण्याने कार्डशीट फुगते आणि कडा वाकड्या होतात. जोडणीचा क्रमही आधी ठरवावा लागतो, कारण शेवटचा तुकडा बसवताना बोट आत जाण्याची वाट बंद झालेली असते. म्हणून जाणते लोक शेवट मानेकडे किंवा मागच्या बाजूला, लपेल अशा ठिकाणी आणतात. नवशिक्यांची एक फजिती ठरलेली असते. शिरस्त्राण देखणं होतं, पण मानेजवळचं तोंड डोक्यापेक्षा अरुंद असतं. मग मागचा भाग कापून बिजागरी किंवा चुंबक लावणं आलं. संगणकावरच्या आकृतीला डोकं नसतं. डोक्याचा घेर, आतल्या फोमची जाडी आणि नाकापुढची मोकळी जागा हा हिशेब ज्याचा त्यानेच मांडायचा असतो.

हे सगळं परदेशातून आलेलं खूळ आहे असं म्हणणाऱ्याने आपल्याच गॅलरीत टांगलेला आकाशकंदील एकदा नीट पाहावा. बांबूच्या कामट्यांचे चौकोन बांधायचे, त्यांच्या जोडणीतून त्रिकोण सुटतात, वर पतंगी कागद खळीने डकवायचा आणि खाली झिरमिळ्या सोडायच्या. गोलाईला सपाट तुकड्यांनी दिलेलं हे आपलं घरगुती उत्तर. दुसरं उत्तर पालघर जिल्ह्यात, जव्हार-मोखाड्याच्या आदिवासी पाड्यांवर सापडतं. तिथे बोहाडा या मुखवट्यांच्या उत्सवात देवादिकांची आणि राक्षसांची सोंगं निघतात, आणि जे मुखवटे पूर्वी लाकडाचे असत ते आता बहुतेक कागदाच्या लगद्याचे असतात. लगद्याला गाउसचा नियम लागूच होत नाही, कारण भिजवून कुटलेल्या कागदाचं कागदपण संपलेलं असतं. तो साच्यावर मातीसारखा बसतो. गालाची, कपाळाची खरी गोलाई मिळवायची तर हा रस्ता पेपाकुरापेक्षा सरस, असं माझं मत आहे. फक्त त्याला उन्हात वाळायला दिवस द्यावे लागतात आणि साच्यासाठी हात तयार असावा लागतो. आपल्याकडच्या आज्या मेथी घालून लगद्याच्या टोपल्या करत, ती विद्या याच घराण्यातली.

नवी मुंबईत हा छंद रुजायला माल आणि निमित्त दोन्ही आयतं आहे. हे शहर वसवणारी सिडको १७ मार्च १९७० रोजी स्थापन झाली आणि पुढे मुंबईचे घाऊक बाजार वाशीच्या एपीएमसीत आले. त्यांच्याबरोबर खोकी आली. सफरचंदांची, द्राक्षांची आणि आता लाकडी पेटीच्या जोडीला हापूसचीही पुठ्ठ्याची खोकी. थ्री-प्लाय आणि फाइव्ह-प्लाय यांतला फरक इथल्या पोरांना लवकर कळतो. थ्री-प्लाय खांद्याच्या वळणाला, फाइव्ह-प्लाय छातीच्या पत्र्याला. पुठ्ठ्याच्या आतल्या लाटांना समांतर वाकवलं तर तो गुमान वळतो, लाटांना आडवं वाकवलं तर मोडतो. वरचा एक पदर पाण्याने भिजवून सोलला की उघड्या पडलेल्या लाटांचं चिलखत होतं, तेही फुकटात.

निमित्त गणपतीने दिलं. राज्य सरकारने २३ मार्च २०१८ रोजी प्लॅस्टिक आणि थर्माकोलवर बंदी आणली आणि घरोघरची थर्माकोलची मखरं अडचणीत आली. नानासाहेब शेंडकरांच्या ‘उत्सवी’ची घडीची पुठ्ठ्याची मखरं तोवर लोकांना माहीत होती, बंदीनंतर पुठ्ठ्याकडे सगळ्यांचंच लक्ष गेलं. खाचेत खाच अडकवून, डिंकाशिवाय उभी राहणारी कमान ज्याने एकदा केली, त्याला खांद्याचं चिलखत जड जात नाही.

हवा मात्र वैरी आहे. खाडीकाठचा दमटपणा कागद पितो, आणि मखराचं काम नेमकं भर पावसाळ्यात येतं. रात्री सरळ ठेवलेली भिंत सकाळी कमरेतून वाकलेली दिसते. त्यावर वॉर्निशचे हात द्यायचे, नाहीतर आतून फेविकॉलमध्ये बुडवलेल्या वर्तमानपत्राच्या पट्ट्या लावायच्या. काही जण पॉलिएस्टर रेझिन ओततात. त्याने कागद दगडासारखा होतो, पण त्याची वाफ वाईट. बंद खोलीत, घरात लहान मूल असताना ते करूच नये. वन बीएचकेत हवेशीर जागा म्हणजे गॅलरी, आणि तिथे आधीच वॉशिंग मशीन असतं. जागेची असो की साहित्याची, तंगी या छंदाला नवी नाही. दुसऱ्या महायुद्धात, १९४१ साली, इंग्लंडमध्ये जेफ्री हेवे याने पोस्टकार्डाएवढ्या पत्त्यांवर छापलेली ‘मायक्रोमॉडेल्स’ विकायला काढली ती साहित्याची टंचाई असतानाच.

पोशाखाकडे वळलं की घरातलं दुसरं यंत्र लागतं, ते म्हणजे शिलाई मशीन. १९३९ साली न्यूयॉर्कला भरलेल्या पहिल्या जागतिक विज्ञानकथा संमेलनात फॉरेस्ट अॅकरमन आणि मर्टल डग्लस हे दोघे भविष्यकाळातले कपडे घालून आले होते. दोघांचे पोशाख डग्लसबाईंनी शिवले आणि नाव जास्त झालं अॅकरमनचं. आपल्याकडेही पोराच्या फोटोखाली आईच्या मशीनचा उल्लेख सहसा नसतो.

शाळेच्या फॅन्सी ड्रेसमध्ये तर एकाच भाड्याच्या दुकानातून तीन झाशीच्या राण्या येतात, तिघींच्या कमरेला एकाच मापाची तलवार. त्यांच्यात खोक्यातून कापलेला, एका बाजूने रंग ओघळलेला आंबा होऊन आलेलं पोर बक्षीस घेत नाही, पण माझं मत त्याला. त्या आंब्याला हात बाहेर काढायला भोकं कुठे पाडायची, याचा विचार कुणीतरी रात्री जागून केलेला असतो.

मोठेपणीचा फॅन्सी ड्रेस म्हणजे कॉमिक कॉन. जतिन वर्मा यांनी फेब्रुवारी २०११ मध्ये दिल्ली हाटला ती सुरू केली आणि पुढे ती मुंबईत आली. २०२४ साली ती एप्रिलमध्ये वांद्रे-कुर्ला संकुलातल्या जिओ वर्ल्ड सेंटरला भरली होती. एप्रिलचा उकाडा, अंगावर ईव्हीए फोम आणि डोक्यावर रंगवलेलं कार्डशीट! हे सगळं घालून हार्बरच्या लोकलमध्ये चढता येत नाही. म्हणून इथला अनुभवी माणूस पोशाख आखतानाच तो किती तुकड्यांत सुटेल ते ठरवतो. खांदे वेल्क्रोवर, पाठ-पोट बकलांवर, पंख मधोमध घडीचे. सगळं चादरीत गुंडाळून कुर्ल्यापर्यंत न्यायचं आणि उरलेल्या रस्त्याला रिक्षा. कारागिरीला गुण असलेल्या स्पर्धेत परीक्षक आतली बाजू पाहतात, काम चालू असतानाचे फोटो मागतात. तिथे विकत आणलेला चकचकीत पोशाख मागे पडतो. तो पडावाच.

नंतर हे सगळं ठेवायचं कुठे, हा प्रश्न कुणी आधी विचारत नाही. गोव्यात तो वर्षानुवर्षं सुटलेला आहे. नरकचतुर्दशीच्या आदल्या रात्रीपर्यंत पोरं खपून कागदी नरकासुर उभे करतात आणि पहाटे जाळून टाकतात. इथे शिरस्त्राण पलंगाखाली जातं, खांदे माळ्यावर जातात, आणि दिवाळीच्या साफसफाईत ते खाली काढले जातात. रद्दीवाला ते हातात घेऊन पाहतो. रेझिन प्यायलेला, रंग चढवलेला कागद पुन्हा लगदा होत नाही, हे त्याला बरोबर माहीत असतं. वर्तमानपत्रं तो तोलतो, शिरस्त्राण परत देतो.