लॅपटॉपची बॅटरी उतरते तेव्हा



पूर्वी उसाच्या बिलाचा पहिला हप्ता हातात आला की घरात रेडिओ यायचा, नंतर सायकल आणि पुढे मोटारसायकल. आता कॉलेजात जाणाऱ्या मुलामुलींसाठी लॅपटॉप येतो. सेलू गावात काय, केळझर-हिंगणीकडे काय, वर्ध्याला किंवा नागपूरला शिकणारे पोर घरी आले की त्याच्या पाठीवरच्या पिशवीत हे यंत्र असतेच. प्रवेशाचा अर्ज, शिष्यवृत्ती, पीक विमा, सातबारा ही कामे आता याच यंत्रावर होतात. आणि या कामांना शेवटची तारीख असते.

नेमकी त्याच दिवशी लाईन जाते. पावसाळ्याच्या तोंडाला वारा सुटला, फांदी तारेवर आली, की फिडर बंद. अर्ज निम्मा भरून झालेला असतो आणि पडद्याच्या कोपऱ्यात आकडा दिसतो : १० टक्के. घरातले सगळे त्या आकड्याकडे पाहत बसतात. वर्षभराची फी, कधी कधी वर्षच, त्या दहा टक्क्यांवर अवलंबून असते. म्हणून या अंकात ऊस, खत, पाणी थोडे बाजूला ठेवून आम्ही या बॅटरीबद्दल चार गोष्टी सांगणार आहोत.

दहा टक्के म्हणजे किती वेळ?

टक्क्यांवर भरवसा ठेवू नये, हिशेब करावा. लॅपटॉपच्या बॅटरीवर तिची क्षमता वॉट-तासांत लिहिलेली असते. समजा ती ४५ वॉट-तास आहे. साधे लिहिण्या-वाचण्याचे काम करताना यंत्र ९ वॉट खात असेल, तर भरलेली बॅटरी ५ तास चालेल. व्हिडिओ लावला, पडदा पूर्ण उजळ ठेवला आणि खर्च १५ वॉटवर गेला, तर तीच बॅटरी ३ तासांत संपेल. नव्या बॅटरीतले १० टक्के म्हणजे साडेचार वॉट-तास. साध्या कामाला अर्धा तास, उधळपट्टी केली तर १८ मिनिटे.

पण बॅटरी जुनी असेल तर? इथे विहिरीचे उदाहरण घ्या. विहीर काठोकाठ भरलेली दिसते, पण तळाला गाळ साचला असेल तर मोटर लावल्यावर तासाभरात खडखडाट होतो. बॅटरीचेही तसेच आहे. तीन-चार वर्षांत तिची पाणी धरण्याची जागाच कमी होते. पडद्यावर १०० टक्के दिसतात, पण ते गाळ भरलेल्या विहिरीचे १०० टक्के. अशी बॅटरी १५ टक्क्यांवरून एकदम शून्यावर येऊन यंत्र बंद पाडू शकते. आपली विहीर किती गाळाने भरली आहे हे पाहायचे असेल, तर संगणकाच्या जाणकाराकडून बॅटरीचा अहवाल काढून घ्यावा. त्यात मूळ क्षमता आणि आज पूर्ण भरल्यावरची क्षमता असे दोन आकडे येतात. दुसरा आकडा पहिल्याच्या निम्म्यावर आला असेल, तर महत्त्वाच्या कामाला त्या बॅटरीच्या भरवशावर बसू नये.

इशारा आला की पहिले काम

बहुतेकांचा हात आधी चार्जर शोधायला जातो. आमचे सांगणे असे की हात आधी काम जपण्याकडे, म्हणजे सेव्ह करण्याकडे जावा. कंट्रोल आणि एस ही दोन बटणे एकदम दाबायला फार तर एक सेकंद लागतो. अर्ज संकेतस्थळावर भरत असाल तर 'सेव्ह ड्राफ्ट' किंवा 'सेव्ह अँड नेक्स्ट' असे बटण असते, ते प्रत्येक पानाला दाबावे. चार्जर नंतर शोधा. बॅटरी संपली म्हणून यंत्र मोडत नाही, वीज आल्यावर ते पुन्हा सुरू होते. न जपलेले काम मात्र परत येत नाही.

काम जपले की खर्च तोडावा, आणि तो या क्रमाने :

१. पडद्याचा उजेड अगदी कमी करावा. साध्या कामात सर्वात जास्त वीज खाणाऱ्यांपैकी पडदा एक आहे.
२. बॅटरी सेव्हर सुरू करावा.
३. लॅपटॉपला लावलेला मोबाइल काढावा. पुष्कळ घरांत मोबाइलचे इंटरनेट लॅपटॉपला आणि लॅपटॉपची वीज मोबाइलला अशी देवाणघेवाण चालते. त्यात तोटा लॅपटॉपचाच.
४. गाणी, व्हिडिओ आणि न लागणारी सगळी पाने बंद करावीत.
५. पेन ड्राइव्ह, बाहेरची डिस्क, माऊस यांतले जे लागत नाही ते काढावे.

झोप आणि शीतनिद्रा

लॅपटॉपचे झाकण लावले म्हणजे तो बंद झाला, असे पुष्कळांना वाटते. झाकण लावल्यावर तो बहुधा झोपतो. त्याला 'स्लीप' म्हणतात. झोपेत काम तात्पुरत्या स्मृतीत राहते आणि ती स्मृती जागी ठेवायला थोडी थोडी वीज लागतच राहते. रात्रभर लाईन आली नाही आणि बॅटरी शून्यावर गेली, तर ते काम गेले समजा.

दुसरा प्रकार 'हायबरनेट', म्हणजे शीतनिद्रा. बेडूक जमिनीत जाऊन निपचित पडतो तशी. यात यंत्र सगळे चालू काम डिस्कवर उतरवून ठेवते आणि मग बंद होते. विजेची गरज उरत नाही. चार दिवसांनी सुरू केले तरी उघडी पाने होती तशी समोर येतात. मात्र संकेतस्थळावर पुन्हा लॉगिन करावे लागेल, म्हणून तिथला मजकूर तिथेच जपलेला असावा.

विंडोज असलेल्या बहुतेक लॅपटॉपांत १० टक्क्यांवर इशारा आणि ५ टक्क्यांवर शीतनिद्रा अशी सोय मुळातच असते. ती चालू आहे ना, हे 'पॉवर ऑप्शन्स'मध्ये जाऊन एकदा पाहून घ्यावे. बॅटरी जुनी असेल तर हे आकडे वाढवून इशारा २५ वर आणि शीतनिद्रा १० वर ठेवावी. पाच मिनिटांचे काम आहे. आजच पोराला बसवून करून घ्या.

ट्रॅक्टरच्या बॅटरीचा नियम इथे चालत नाही

आपल्या घरात दोन जातींच्या बॅटऱ्या नांदतात. ट्रॅक्टरची आणि इन्व्हर्टरची बॅटरी शिसे-आम्लाची. ही जात जुनी. फ्रान्सच्या गास्तों प्लांते यांनी ती १८५९ मध्ये केली. तिला भरलेली राहायला आवडते. उतरलेली तशीच ठेवली तर तिच्या पाट्यांवर थर बसतो आणि ती कामातून जाते.

लॅपटॉपची बॅटरी लिथियम-आयनची. ती १९९१ मध्ये बाजारात आली आणि तिच्या संशोधनाबद्दल गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो या तिघांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. हिचा स्वभाव वेगळा. हिला काठोकाठ भरलेलेही फार वेळ सोसत नाही आणि कोरडे पडलेलेही सोसत नाही. २० ते ८० टक्क्यांच्या मध्ये ती सुखात असते. 'महिन्यातून एकदा पूर्ण उतरवून मग भरावी' हा सल्ला जुन्या निकेल-कॅडमियम बॅटरीचा होता. तो इथे लावला तर फायदा नाही, झीज मात्र होते. लॅपटॉप दिवसभर चार्जरला लावूनच वापरत असाल, तर पुष्कळ यंत्रांत ८० टक्क्यांवर भरणे थांबवण्याची सोय असते, ती वापरावी. शेवटच्या तारखेच्या आदल्या रात्री मात्र बॅटरी खुशाल १०० टक्के भरून ठेवावी. एखाद्या दिवसाने काही बिघडत नाही.

आपला उन्हाळा

या बॅटरीचा खरा वैरी ऊन आहे. ३५ अंशांपर्यंतचे वातावरण तिला ठीक. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो. भरलेली बॅटरी आणि वर उष्णता, हे दोन्ही एकत्र आले की आतली रासायनिक झीज झपाट्याने होते. म्हणून दुपारी टिनाच्या छपराखाली, बंद मोटारीत किंवा खिडकीच्या उन्हात लॅपटॉप ठेवू नये. गादीवर, दुलईवर ठेवून चालवू नये. खालची हवेची छिद्रे बुजतात. पाटावर किंवा टेबलावर ठेवावा. मे महिन्यात भरणे शक्यतो पहाटे किंवा रात्री करावे. सुटीत महिनाभर वापर नसेल तर निम्मी भरून, बंद करून, घरातल्या सर्वात थंड खोलीत ठेवावा.

लाईन जाते तेव्हा आणि येते तेव्हा

लॅपटॉपच्या चार्जरवर '१०० ते २४० व्होल्ट' असे लिहिलेले असते. म्हणजे दिवा मिणमिणत असला तरी लॅपटॉप भरतो; कमी दाबाची त्याला फिकीर नाही. धोका आहे तो अचानक वाढणाऱ्या दाबाचा. न्यूट्रल तुटला किंवा जवळ वीज कडाडली, की चार्जर जातो, कधी यंत्रही जाते. म्हणून वादळात लाईन गेली की प्लग काढून घ्यावा आणि लाईन आल्यावर पाच मिनिटे थांबून लावावा.

घरी इन्व्हर्टर असेल तर एक हिशेब लक्षात ठेवा. छताचा साधा पंखा तासाभरात जेवढी वीज खातो, साधारण तेवढ्यात लॅपटॉप एकदा भरतो. अर्ज भरायचा असेल त्या रात्री एक पंखा बंद ठेवला तरी पुरे.

पॉवर बँक घेणाऱ्यांनी मोबाइलची साधी घेऊ नये. तिने लॅपटॉप भरत नाही. टाइप-सी तोंडाची, ४५ किंवा ६५ वॉट देणारी घ्यावी, आणि आपला लॅपटॉप त्या तोंडातून भरतो का हे दुकानातच लावून पाहावे. २०,००० मिलिअँपिअर-तासांची पॉवर बँक वर सांगितलेली बॅटरी सुमारे एकदा भरते.

बॅटरी फुगली तर

लॅपटॉपचे कीबोर्ड मधून उचललेले दिसले, झाकण नीट बसेना, की बॅटरी फुगली समजावे. असा लॅपटॉप लगेच बंद करावा, चार्जरला लावू नये. बॅटरी दाबू, टोचू किंवा उन्हात टाकू नये. ती पेट घेते. नवी घेताना स्वस्ताईला भुलू नये. कंपनीची, आय. एस. १६०४६ हे मानक असलेली घ्यावी आणि पावती जपावी. जुनी बॅटरी उकिरड्यावर किंवा वावरात फेकू नये. ऑगस्ट २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. दुकानदाराकडे परत द्यावी.

शेवटी

हे सारे वाचून लक्षात ठेवायची गोष्ट एकच : काम आधी जपा, बॅटरी नंतर. अर्जाची माहिती आदल्या दिवशी वहीत लिहून ठेवावी, कागदपत्रे एका जागी काढून ठेवावीत, आणि शेवटच्या तारखेची वाट न पाहता आठ दिवस आधी अर्ज भरून मोकळे व्हावे. तोडणीची पाळी चुकली तर ऊस वावरात उभा तरी राहतो. मुलीच्या प्रवेशाची पाळी चुकली तर ती पुढच्या वर्षीच येते.

सभासदांनी हे पान घरातल्या लॅपटॉपवाल्याला वाचायला द्यावे, आणि ज्यांच्या घरी लॅपटॉप नाही त्यांनी शेजारच्या पोराला द्यावे.