रात्रपाळीतील नाताळ

नाताळच्या कथेतील एक तपशील भोसरी-चाकणच्या कामगाराला सहज उमगावा असा आहे. ख्रिस्तजन्माची वार्ता प्रथम कानी पडली ती बेथलेहेमच्या माळावर रात्रभर कळप राखीत जागणाऱ्या मेंढपाळांच्या. लूककृत शुभवर्तमानातील ही माणसे त्या वेळी आपल्या पाळीवर होती. बाळाचे दर्शन घेऊन ती परत फिरली, असेही लूक सांगतो. परतली ती अर्थात मेंढरांकडेच.

पिंपरीत १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली. पुढील दशकात मोटारींचे व स्कूटरींचे कारखाने आले, आणि शतकाच्या अखेरीस हे लोण चाकणपर्यंत पोचले. पोटामागे येथे आलेल्या कुटुंबांत अहिल्यानगर, म्हणजे तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातील मराठी ख्रिस्ती कुटुंबेही होती. नगरला अमेरिकन मराठी मिशनचे कार्य १८३१ पासूनचे, रेव्हरंड ना. वा. टिळकांची कर्मभूमीही तीच. शिक्षकी आणि रुग्णसेवा या त्या समाजाच्या परिचित वाटा. येथे मात्र हाती आले लेथ आणि मायक्रोमीटर.

श्रद्धेची खरी कसोटी येथे तपासणीच्या तक्त्यात लागते. यंत्रावरून उतरणाऱ्या ठरावीक नगांमागे एक नग मोजून त्याचे माप तक्त्यात भरावयाचे असते. पहाटे तीनच्या सुमारास डोळे जड होतात, उत्पादनाचा आकडा गाठण्याची घाई असते, आणि शेजारचा जुना कामगार म्हणतो, ‘‘मागचाच आकडा उतरव की, सगळेच भरतात!’’ तो काही दुष्ट मनुष्य नसतो. बहुधा नगही ठीकच असतो. म्हणूनच हा मोह अवघड. परंतु हत्याराची धार झिजते तसतसे माप केसाकेसाने सरकत जाते, आणि न मोजता लिहिलेल्या आकड्याला त्याचा पत्ता लागत नाही. तो भाग ब्रेकचा असला तर त्याची किंमत कोण्या अनोळखी कुटुंबाने एखाद्या घाटात मोजावी लागते. नीतिसूत्रांच्या ग्रंथात खोट्या तराजूची निर्भर्त्सना आहे. ती वाण्याच्या तागडीपुरतीच आहे, अशी आपण आपली सोयीस्कर समजूत करून घेतली आहे.

बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाकडे जकातदार आले, तेव्हा त्याने त्यांना नोकरी सोडावयास सांगितले नाही. ठरल्याहून अधिक घेऊ नका, एवढेच बजावले. जक्कय तर त्यापुढे गेला. ज्यांना नाडले असेल त्यांना चौपट परत देण्याचे त्याने कबूल केले. सचोटीला पदरमोड करावी लागते, ती अशी.

ती करावयाची कोणी, हा मात्र प्रश्न उरतो. खरे माप लिहिले की यंत्र थांबते, नग बाद होतात, पाळीचे उत्पादन घटते. ठेकेदाराकडचा पोरगा असला तर उद्या फाटकावरूनच परत धाडले जाण्याचे भय. त्याला प्रामाणिकपणाचा उपदेश करणाऱ्याची स्वतःची नोकरी बहुधा कायम असते! त्या पोराने यंत्र थांबविले तर बाद नगांचा जाब आपण देणे, हे पर्यवेक्षकाच्या खुर्चीतील ख्रिस्तभक्ताचे काम. आणि ते उपवासाहून कठीण आहे.

नाताळच्या पूर्वरात्री घराघरांवर कागदी चांदण्या उजळतील, उपासनेची घंटा होईल. त्या घटकेला चाकणच्या एखाद्या शेडमध्ये कोणीतरी पाळीवर असेलच. तो नग पुसून मायक्रोमीटरच्या जबड्यात धरील आणि दिसेल तो आकडा लिहील.