नांगर, ट्रॉली आणि गिअर

श्रोतेहो, मी बी.ए. झालेला कवी, यंत्रशास्त्र माझा प्रांत नव्हे. पण तिवस्यातल्या काळ्या जमिनीच्या मुलखात राहायचे आणि ट्रॅक्टर समजून घ्यायचा नाही, हे कसे जमावे?

ट्रॅक्टरचे इंजिन मिनिटाला सुमारे 2000 फेरे घेते. ताशी 5 किलोमीटरने नांगरताना मागचे चाक मात्र जेमतेम 20 फेरे फिरते. वेग शंभरपट घटतो, त्याच मानाने चाकाचा जोर वाढतो. गिअरचे काम हेच.

इंजिन, क्लच, गिअर, चाक आणि माती ही सारी साखळी अभियंते समीकरणांत मांडून आधी संगणकावर चालवून पाहतात. प्रत्यक्ष ओढ मग मध्य प्रदेशातील बुदनीच्या केंद्रीय संस्थेत मोजली जाते.

मोटारीचे गणित इथे लागू पडत नाही. दोन टनांच्या ट्रॅक्टरला नांगर 800 किलोच्या जोराने मागे ओढत असेल, तर क्लच दाबताच तो अर्ध्या सेकंदाच्या आत थांबतो. म्हणून गिअर नांगर जमिनीत उतरवण्याआधीच निवडायचा.

रस्त्यावर नेमके उलटे. भरलेली ट्रॉली उतारावर असताना न्यूट्रल केले, की इंजिनाचा आवर सुटतो. ट्रॉलीला बहुधा स्वतःचा ब्रेक नसतो; मागचा भार ट्रॅक्टरला ढकलत नेतो आणि आडवा करतो. संगणकावर ही चूक हवी तितक्यांदा करून पाहता येते, रस्त्यावर नाही. डिझेल वाचवायला न्यूट्रल करणाऱ्या आपल्या पोरांना एवढे जरूर सांगा : उतार लागण्याआधीच खालचा गिअर टाका आणि त्यातच उतरा.