गुरांच्या डॉक्टरची भाषा

आपल्या मंडळात भाषेचा विषय निघाला की गाडी कविता, कथा आणि शुद्धलेखन या तीन स्टेशनांवरच थांबते. आज मी भाषेला जरा गोठ्यात घेऊन जाणार आहे. प्रश्न साधाच आहे: गुरांच्या डॉक्टरने शिकायचं कोणत्या भाषेत आणि बोलायचं कोणत्या?

इंदूरच्या अगदी शेजारी महूला (कागदोपत्री डॉ. आंबेडकर नगर) १९५५ पासून पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षांचा अभ्यासक्रम. देशातल्या इतर पशुवैद्यकीय महाविद्यालयांप्रमाणे इथलीही पुस्तकं मुख्यतः इंग्रजी. पण जनावर घेऊन येणारा माणूस माळवीत बोलतो, निमाडीत बोलतो, हिंदीत बोलतो. नोकरी बऱ्हाणपूरला किंवा पांढुर्ण्याला लागली, तर समोरचा शेतकरी सरळ मराठीत सुरू होतो. आणि जनावर स्वतः काही सांगत नाही! माणसाच्या डॉक्टरला निदान रोगी तरी सांगतो की इथे दुखतंय. इथे सगळी भिस्त मालकाच्या शब्दांवर.

हा पेच जगात इतरांनाही पडला होता. त्याचं एक उत्तर कॅनडात सापडतं. इंदूर ख्रिश्चन कॉलेजची मुहूर्तमेढ रोवणारे प्रेस्बिटेरियन मिशनरी कॅनडातूनच आले होते, तेव्हा तो देश आपल्याला अगदीच परका नाही. तिथल्या माँट्रियल शहरात १८६६ मध्ये डंकन मॅकइक्रन यांनी इंग्रजी पशुवैद्यक कॉलेज काढलं. पण आजूबाजूच्या क्वेबेक प्रांतातले शेतकरी बहुतेक फ्रेंच बोलणारे. पुढे त्या कॉलेजात फ्रेंच तुकडी निघाली आणि १८८६ मध्ये व्हिक्टर-थेओड्युल डोबिन्यी यांनी वेगळी फ्रेंच शाळाच उघडली. इंग्रजी कॉलेज मॅकगिल विद्यापीठात गेलं आणि १९०३ मध्ये बंद पडलं. फ्रेंच शाळा मात्र टिकली. १९४७ मध्ये ती सेंट-यासिंत या शेतीभातीच्या गावी गेली. आज ती माँट्रियल विद्यापीठाची विद्याशाखा आहे आणि उत्तर अमेरिकेत फ्रेंचमधून पशुवैद्यक शिकवणारी एकमेव.

फ्रेंचला ही परंपरा नवी नव्हती म्हणा. जगातली पहिली पशुवैद्यक शाळाच फ्रान्समधल्या लियोंला निघाली, क्लोद बूर्जला यांच्या पुढाकाराने, १७६२ च्या सुमारास. त्या काळी युरोपभर बुळकांडीने गुरं पटापट मरत होती.

गंमत म्हणजे त्याच १८८६ मध्ये मुंबईत परळला बॉम्बे व्हेटरिनरी कॉलेज सुरू झालं. शेजारी दिनशा पेटिट यांच्या देणगीतून, त्यांच्या पत्नी साकरबाई यांच्या नावाने जनावरांचं हॉस्पिटल उभं होतं. एकाच वर्षी दोन शाळा. माँट्रियलची शाळा शेतकऱ्याच्या भाषेत शिकवू लागली, मुंबईची राज्यकर्त्यांच्या.

मग मराठीत या विषयाला शब्दच नव्हते का? उलट. ही नावं बघा. लाळ गळते आणि खुरांत फोड येतात, तो लाळ्या-खुरकूत. घसा सुजून घरघर लागते, तो घटसर्प. जनावराचा फरा, म्हणजे मांडी-पुठ्ठ्याचा मांसल भाग सुजतो आणि दाबला की चरचरतो, तो फऱ्या. ताप तीन दिवसांत उतरतो, तो तिवा. नाव ऐकलं की अर्धं लक्षण कळलं! आपल्याकडची हिंदीही तशीच: घटसर्पाला गलघोंटू, फऱ्याला एकटंगिया, कारण जनावर एका पायाने लंगडतं.

आणखी एक शब्द मला फार आवडतो. अँथ्रॅक्सला मराठीत काळपुळी म्हणतात. फ्रेंचमध्ये त्याला ‘शार्बों’ म्हणतात, म्हणजे कोळसा. आणि ‘अँथ्रॅक्स’ या ग्रीक शब्दाचा अर्थही कोळसाच. माणसाला हा रोग झाला की कातडीवर काळी खपली धरते. ती ग्रीसमध्ये, फ्रान्समध्ये आणि आपल्या गावात लोकांना सारखीच काळी दिसली. शास्त्राच्या पुस्तकातला भारदस्त शब्दही मुळात कोणाच्या तरी घरातलाच असतो. ग्रीक झाला म्हणून तो शास्त्रीय, आणि काळपुळी तेवढी गावठी, हे काही पटत नाही.

यात नुसता भाषेचा अभिमान नाही. घटसर्प झालेलं जनावर एक-दोन दिवसांतही दगावतं. ‘घशात घरघर करतंय’ हे फोनवर ऐकून नव्या डॉक्टरला घटसर्पाची शंका आली, तर तो लगेच निघेल. नाही आली, तर शेतकऱ्याची म्हैस जाईल, आणि म्हैस म्हणजे कित्येक घरांचा महिन्याचा पगार.

सगळं पशुवैद्यक उद्यापासून मराठीत शिकवा, असं माझं म्हणणं नाही. नवं संशोधन बरंचसं इंग्रजीत येतं, ते वाचायलाच हवं. २०२२ मध्ये मध्य प्रदेशाने एमबीबीएसची हिंदी पुस्तकं आणली, तेव्हाही हाच वाद झाला होता. पण क्वेबेकचा अनुभव इतकं नक्की सांगतो की लोकांच्या भाषेत शिकवल्याने शास्त्र हलकं होत नाही. निदान एवढं तरी व्हावं की विद्यार्थ्याच्या वहीत इंग्रजी नावासमोर त्या भागातलं नावही लिहिलेलं असेल.

इथे आपलं मंडळ कामाचं आहे. आपल्यापैकी कित्येकांचे आजी-आजोबा खानदेशातले, बऱ्हाणपूरकडचे, वऱ्हाडातले. त्यांनी गुरं पाळलीत, पोळ्याला बैल सजवलेत. येत्या सुट्टीत त्यांना एवढंच विचारा: जनावर आजारी पडलं की तुम्ही काय म्हणायचात, आणि ते कशावरून ओळखायचात? शब्द, लक्षण आणि गाव, तिन्ही लिहून आणा. बुळकांडी २०११ मध्ये जगातून नाहीशी झाली, तिचा शब्द आता फक्त म्हाताऱ्यांच्या तोंडी उरलाय. घटसर्प आणि फऱ्या मात्र अजून गोठ्यात आहेत. त्यांचे शब्द हरवणं आपल्याला परवडणार नाही. यादी जमली की एक प्रत महूला नेऊन देऊ.