डीपीच्या पाटीवरचे आकडे

रब्बीत गव्हा-हरभऱ्याला पाणी द्यायची घाई सुरू झाली की ‘डीपी जळाली’ ही बातमी हमखास कानावर येते. मग माल हलका होता, वरूनच दाब वाढला, अशी कारणं निघतात. बहुतेक वेळा खरं कारण डीपीच्या, म्हणजे रोहित्राच्या, अंगावरच्या पाटीवरून कळतं. ती वाचायचं मात्र राहून जातं.

100 केव्हीएच्या रोहित्राची पाटी पाहा. उच्चदाब बाजूला 11000 व्होल्ट आणि 5.25 अँपिअर, लघुदाब बाजूला 433 व्होल्ट आणि 133.3 अँपिअर. दाब पंचवीसपटीने उतरला, तर प्रवाह तेवढ्याच पटीने चढला. थ्री-फेजसाठी व्होल्ट, अँपिअर आणि 1.732 यांचा गुणाकार करून हजाराने भागा. दोन्ही बाजूंना शंभरच येतात. 433 हा दोन फेजमधला, भार नसतानाचा दाब. फेज आणि न्यूट्रलमध्ये तो 250 भरतो. भार आला की रोहित्रात आणि तारेत काही व्होल्ट खर्ची पडतात.

क्षमता किलोवॅटमध्ये न देता केव्हीएमध्ये का? कारण रोहित्र तापतं ते दोन गोष्टींनी. गाभा तापतो दाबामुळे, वेटोळी तापतात प्रवाहामुळे. त्या प्रवाहातून पंपाने किती काम काढलं, याच्याशी वेटोळ्यांना देणंघेणं नसतं. कपॅसिटर नसलेली मोटर तेवढ्याच पाण्यासाठी जास्त अँपिअर ओढते.

पाच अश्वशक्तीचा पंप साधारण साडेसात अँपिअर घेतो असं धरा. सतरा पंपांचे झाले 127, म्हणजे रोहित्र काठोकाठ भरलं. विसावा पंप जोडला की 150. पाटीवरच्या 133 पेक्षा भार वाढला आठव्या हिश्शाने, पण वेटोळ्यांतली उष्णता प्रवाहाच्या वर्गाने वाढते, म्हणजे सव्वापटीच्याही वर जाते. त्यात ऑटो स्विच असले तर वीज आल्याबरोबर सगळ्या मोटारी एकदम उठतात आणि सुरू होताना प्रत्येक मोटर नेहमीच्या कितीतरी पट प्रवाह खेचते.

रोहित्रातल्या तांब्या-अ‍ॅल्युमिनियमच्या तारांवर कागदाचं वेष्टण असतं आणि सगळं तेलात बुडालेलं असतं. मरतो तो हा कागद. ठरलेल्या मर्यादेवर तापमान साधारण सहा अंशांनी चढलं, की त्याचं आयुष्य निम्म्यावर येतं. म्हणून जास्तीच्या भाराने रोहित्र त्याच दिवशी जळेलच असं नाही; ते आतून जुनं होत जातं आणि एखाद्या हंगामात जातं.

133 हा आकडा प्रत्येक फेजचा आहे, हेही ध्यानात घ्यावं. वस्तीवरचा घरगुती भार एकाच फेजवर लादला, तर एकूण बेरीज शंभराच्या आत असूनही ते वेटोळं भाजतं. अशा वेळी आधी वितळायला हवी ती किटकॅटमधली फ्यूजतार. पण ती वारंवार जाते म्हणून तिथे जाडजूड तार गुंडाळली की रोहित्राचा रखवालदारच गेला.

तेव्हा नवीन जोडणी मागण्याआधी आपल्या डीपीवरच्या पंपांची बेरीज करा. पाटी खालूनच वाचा, डीपीला हात लावू नका; दिसत नसेल तर लाइनमनला विचारा. प्रत्येक मोटरीला योग्य मापाचा कपॅसिटर बसवा, ऑटो स्विच काढा आणि पाळ्या ठरवा. एवढं करूनही बेरीज पाटीच्या वर जात असेल, तर सगळ्यांनी मिळून जादा रोहित्रासाठी अर्ज द्या. जळालेली डीपी बदलून तेवढ्याच क्षमतेची आणली आणि पंप तेवढेच ठेवले, तर तीही जळणार.