उधारीचं खातं आणि सहा ओळी : लाराव्हेलला डेटाबेस जोडताना

व्हिडिओत घाईत सांगितलं, ते इथं नीट लिहून देतो.

मी बीबीए शिकलेला दुकानदार, इंजिनिअर नाही. हट्ट्यातल्या दुकानाची उधारी ठेवायला लाराव्हेलमध्ये छोटं वेब अ‍ॅप बसवलं. आमच्या वसमत तालुक्यात हळदीचे पैसे हातात येईपर्यंत खाती उघडीच असतात, म्हणजे उधारी गेली की भांडवल गेलं!

लाराव्हेलमध्ये डेटाबेसचा पत्ता डॉट ईएनव्ही नावाच्या फाईलमध्ये असतो. सहा ओळी : कोणता डेटाबेस, होस्ट, पोर्ट, डेटाबेसचं नाव, युजर, पासवर्ड. मायएसक्यूएलचं पोर्ट सहसा ३३०६. २०२४ च्या लाराव्हेल ११ पासून पहिल्या ओळीत एसक्यूलाईट असतं आणि बाकीच्या ओळींपुढे हॅशचं चिन्ह असतं. तिथं मायएसक्यूएल लिहा, हॅश काढा. शेअर्ड होस्टिंगवर डेटाबेसच्या आणि युजरच्या नावाआधी बहुतेक वेळा तुमच्या खात्याचं नाव लागतं, तेही लिहायचं. पासवर्डमध्ये हॅश किंवा स्पेस असेल तर तो अवतरणचिन्हात घाला. निम्मे लोक इथंच अडकतात.

आता माझी चूक. खरी खाती लॅपटॉपवर बघायची म्हणून मी लॅपटॉपच्या फाईलमध्ये सर्व्हरचा होस्ट आणि पासवर्ड टाकला. काम झालं आणि परत बदलायचं विसरलो. दुसऱ्या दिवशी टेस्टिंगसाठी ‘मायग्रेट फ्रेश’ कमांड मारली. ही कमांड सगळे टेबल पाडून नवे कोरे बनवते. प्रॉडक्शन असेल तर ती आधी विचारते, पण ते ती डेटाबेस बघून नाही, त्याच फाईलमधली अ‍ॅप ईएनव्हीची ओळ बघून ठरवते. तिथं माझं ‘लोकल’ होतं. काहीच विचारलं नाही. खाती साफ!

बॅकअप नव्हता. वडिलांचा अ‍ॅपवर विश्वास नाही म्हणून त्यांनी वही सोडली नव्हती, तेवढ्यावर वाचलो. ज्या नोंदी फक्त अ‍ॅपमध्ये होत्या, त्यांच्यासाठी गिऱ्हाइकालाच विचारावं लागलं, “भाऊ, तुमच्याकडं किती राहिलेत?” दुकानदाराला हे विचारताना काय वाटतं, ते तुम्हाला सांगायला नको.

तेव्हापासून सर्व्हरवर दोन युजर ठेवलेत. अ‍ॅपचा रोजचा युजर नोंद वाचू, घालू, बदलू आणि खोडू शकतो, पण टेबल पाडायचा हक्क त्याला नाही. टेबलची रचना बदलायची असेल तेव्हाच दुसरा युजर वापरतो, आणि त्याचा पासवर्ड लॅपटॉपवर ठेवत नाही. लॅपटॉपला वेगळा डेटाबेस, त्यात खोटी नावं. रोज रात्री मायएसक्यूएल डंप निघतो, त्याची एक प्रत सर्व्हरच्या बाहेर जाते.

डॉट ईएनव्ही फाईल गिटवर चढवू नका. होस्टिंगवर डोमेन लाराव्हेलच्या ‘पब्लिक’ फोल्डरलाच जोडा, नाहीतर ही फाईल पासवर्डसकट ब्राउझरमध्ये उघडू शकते. आणि गिऱ्हाइकांची नावं मराठीत ठेवायची तर कॅरेक्टर सेट यूटीएफ८एमबी४ हवा. जुन्या लॅटिन१ टेबलात मराठी नावाच्या जागी प्रश्नचिन्हं दिसतात.

सगळं बरोबर लिहूनही अ‍ॅप जुन्याच डेटाबेसला जात असेल, तर कॉन्फिग कॅश झालेलं असतं. ‘कॉन्फिग क्लिअर’ कमांड मारा आणि पुन्हा बघा.