नायट्रस ऑक्साइड प्रणाली, मोटारगाडीची
मोटारगाडीच्या एंजिनाला हवेतील ऑक्सिजनाखेरीज जादा ऑक्सिजन नायट्रस ऑक्साइड या वायूच्या रूपाने पुरवून त्याची शक्ती अल्पकाळ वाढविणारी यंत्रणा. तिचा मुख्य उपयोग ड्रॅग शर्यतीत होतो. या शर्यतीत दोन गाड्या शेजारच्या पट्ट्यांवरून स्थिर अवस्थेतून निघून सरळ मार्गाने ठराविक अंतर तोडतात. हे अंतर परंपरेने पाव मैल (सु. ४०२ मी.) असते, पुष्कळ ठिकाणी त्याच्या निम्मेही असते. अमेरिकेत १९५१ मध्ये स्थापन झालेल्या नॅशनल हॉट रॉड असोसिएशन या संस्थेने या शर्यतींना नियमबद्ध स्वरूप दिले. प्रणाली बसविणे फारसे कठीण नसते. तिची जुळवणी (ट्यूनिंग) मात्र नाजूक असते, कारण वेळ वाचविणारी मात्रा आणि एंजिन मोडणारी मात्रा यांत अंतर थोडे असते.

कार्यतत्त्व : नायट्रस ऑक्साइड (शस्त्रक्रियेच्या वेळी भूल देताना वापरला जाणारा ‘हास्यवायू’) हे इंधन नव्हे, तो ऑक्सिडीकारक आहे. ज्वलनाच्या तापमानाला त्याचे विघटन होऊन नायट्रोजन व ऑक्सिजन सुटे होतात आणि काही उष्णताही बाहेर पडते. हवेत वजनाने सु. २३% ऑक्सिजन असतो, तर या वायूत तो सु. ३६% असतो. शिवाय तो दाबाखाली द्रवरूपात साठविलेला असतो. दाब सुटताच हा द्रव सु. –८८° से. ला उकळतो व बाष्पीभवनास लागणारी सुप्त उष्णता आत येणाऱ्या हवेतून घेतो. परिणामी हवा थंड होऊन तिची घनता वाढते.

जादा ऑक्सिजनाचा उपयोग होण्यासाठी जादा पेट्रोलही द्यावे लागते. रासायनिक हिशेबाने १ किग्रॅ. पेट्रोलाच्या पूर्ण ज्वलनास सु. १४.७ किग्रॅ. हवा लागते, नायट्रस ऑक्साइड मात्र सु. ९.६ किग्रॅ. पुरतो. तेवढे पेट्रोल न मिळाल्यास मिश्रण विरल होते, तापमान चढते आणि दट्ट्याचा माथा काही क्षणांत वितळू शकतो. म्हणून जुळवणी म्हणजे मुख्यतः इंधन, ठिणगी व दाब यांचा वायूशी मेळ राखणे होय.

इतिहास : दुसऱ्या महायुद्धात जर्मन हवाई दलाने ही पद्धत ‘जीएम–१’ या नावाने मेसरश्मिट बीएफ १०९ यांसारख्या विमानांत वापरली. अतिउंचीवरील विरळ हवेत एंजिनाची घटलेली शक्ती भरून काढणे हा तिचा हेतू होता. अमेरिकेत १९७८ मध्ये नायट्रस ऑक्साइड सिस्टिम्स ही कंपनी स्थापन झाली व पुढे मोटारगाड्यांसाठी तयार संचांचा प्रसार झाला.

रचना व प्रकार : वायूची बाटली सामान्यतः गाडीच्या मागील भागात असते. तिच्यातील नळीचे टोक तळाशी व मागील बाजूस ठेवतात, कारण गाडी वेग घेताना द्रव मागे सरकतो आणि नळीत द्रवाऐवजी बाष्प शिरल्यास पुरवठा खंडित होतो. विद्युत् प्रवाहाने उघडणाऱ्या दोन परिनालिका झडपा (सोलेनॉइड) अनुक्रमे वायू व पेट्रोल सोडतात. त्यांच्या वाटेतील बदलता येण्याजोग्या लहान छिद्राच्या तुकड्यांवरून (जेट) मात्रा ठरते. ‘ओल्या’ प्रकारात वायू व जादा पेट्रोल एकाच प्रोथातून सोडतात. ‘कोरड्या’ प्रकारात केवळ वायू सोडून जादा पेट्रोल एंजिनाच्या मूळ इंधन-यंत्रणेकडून घेतात. तिसऱ्या प्रकारात प्रत्येक सिलिंडराला स्वतंत्र प्रोथ असतो. त्यामुळे वाटणी समान होते व मोठी मात्रा देता येते.

जुळवणी : प्रथम एंजिन वायूविना निर्दोष चालते याची खात्री करून त्या स्थितीतील वेळा नोंदवितात. नंतर सर्वांत लहान जेटपासून सुरुवात करतात व एका धावेत एकच बदल करतात.

बाटलीतील दाब तापमानाप्रमाणे बदलतो : २०° से. ला तो सु. ५० बार, तर ३०° से. ला सु. ६३ बार असतो. दाब वाढला की वायू अधिक जातो, पण पेट्रोलाचा दाब तोच राहिल्याने मिश्रण विरल होते. धावेत बाटली थंड होऊन दाब उतरला, तर उलट घडते. यासाठी तापनियंत्रक असलेले विद्युत् वेष्टन वापरून प्रत्येक धाव एकाच दाबाने सुरू करतात. बाटलीला ज्योतीने ऊब देणे अत्यंत धोक्याचे असते.

ऑक्सिजनयुक्त मिश्रण जलद जळते व सिलिंडरातील महत्तम दाब लवकर येतो. म्हणून ठिणगी उशिरा पाडतात. ठोकळमानाने दर ५० अश्वशक्तींच्या वाढीस १ ते २ अंशांचा विलंब देतात. उष्णता लवकर वाहून नेणारे ‘थंड’ स्पार्क प्लग आणि उच्च ऑक्टेन अंकाचे पेट्रोलही आवश्यक ठरते. धाव संपताच एंजिन बंद करून प्लग तपासतात. चिनी मातीच्या भागावर ॲल्युमिनियमाचे सूक्ष्म कण दिसल्यास अधिस्फोट (अनियंत्रित ज्वलन) होऊन दट्ट्या झिजू लागला, असा निष्कर्ष काढतात.

वायूचा प्रवाह दर सेकंदाला जवळजवळ सारखा असतो. त्यामुळे एंजिन सावकाश फिरत असता प्रत्येक आवर्तनाच्या वाट्याला अधिक वायू येतो व दाब धोकादायक होतो. म्हणून थ्रॉटल पूर्ण उघडलेला असता आणि दर मिनिटास सु. ३,००० फेऱ्यांच्या वरच झडपा उघडतील अशी योजना करतात.

वेळेचे विश्लेषण : शक्ती स्थिर धरल्यास ठराविक अंतर तोडण्याचा काळ वजन व शक्ती यांच्या गुणोत्तराच्या घनमुळाच्या प्रमाणात असतो. म्हणजे शक्ती २५% वाढली, तरी काळ केवळ ७ टक्क्यांच्या आसपास घटतो. तोही चाके न घसरल्यास. म्हणून पहिल्या ६० फुटांचा (सु. १८ मी.) काळ फार महत्त्वाचा असतो. अंतिम रेषेजवळचा वेग वाढला पण एकूण काळ घटला नाही, तर शक्ती मिळाली असून ती सुरुवातीस चाकांच्या घसरण्यात वाया गेली असे समजतात. अशा वेळी मोठा जेट घालण्याऐवजी टायरांतील हवेचा दाब व निलंबन यांत सुधारणा करतात, किंवा इलेक्ट्रॉनीय नियंत्रकाने वायू टप्प्याटप्प्याने वाढवितात.

सुरक्षितता व कायदा : पेट्रोलाचा दाब घटताच वायू बंद करणारा स्विच हे सर्वांत स्वस्त व सर्वांत उपयुक्त संरक्षण होय. बाटलीला अतिदाबाने फुटून वायू बाहेर सोडणारी चकती असते. तिची वाट गाडीबाहेर काढतात. हा वायू हुंगणे प्राणघातक ठरू शकते. भारतात मोटारवाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीकृत वाहनाच्या मूळ तपशिलाशी विसंगत फेरफार करण्यावर निर्बंध आहेत. कलम १८९ नुसार राज्य शासनाच्या लेखी संमतीविना सार्वजनिक जागी वेगाची शर्यत लावणे गुन्हा आहे. त्यामुळे या प्रणालीचे योग्य स्थान सार्वजनिक रस्ता नसून नियंत्रित शर्यतपट्टी हेच होय.